ओढ्यापलीकडचे उमेदवार

"आई, स्पष्टच सांगते," कोर्टनी फोनवर म्हणाली, "थँक्सगिव्हिंगच्या जेवणात राजकारणाचा एक शब्द जरी निघाला ना, तर मी एमेटला उचलून चालती होईन. जमणार नसेल तर आत्ताच सांगा. आम्ही सरळ ट्रॅव्हिसच्या आईकडे इंडियानाला जातो."

'इंडियाना' म्हटल्याबरोबर लोर्ना शूमनच्या तोंडचं पाणी पळालं. एमेट तिचा एकुलता एक नातू, नुकता रांगायला लागलेला. त्याचा पहिला नाताळ त्या इंडियानाच्या आजीने आधीच पटकावला होता. आता पहिलं थँक्सगिव्हिंगही तिच्याच पदरात पडलं, तर लोर्नाने चर्चमधल्या बायकांना काय तोंड दाखवायचं?

पण कोर्टनीचंही चुकत नव्हतं. लोर्ना आणि तिचा नवरा डेलबर्ट यांचं राजकारणात विळ्याभोपळ्याचं सख्य. डेलबर्ट हत्तीच्या पक्षाचा, लोर्ना गाढवाच्या. पक्षांच्या निशाण्याच तशा, त्याला कोण काय करणार! एरवी दोघं गुण्यागोविंदाने नांदत, पण निवडणुकीचं वर्ष उजाडलं की घरात भांडी आपटायला सुरुवात होई. मागच्या निवडणुकीनंतरच्या जेवणात तर क्रॅनबेरीची चटणी भिंतीवर गेली होती. ती कोणी भिरकावली, यावरही दोघांचं एकमत नाही.

आणि हे वर्षही निवडणुकीचंच. अध्यक्षाची नसली म्हणून काय झालं, ओहायोतल्या सगळ्या मतदारसंघांत खासदार निवडायचे होते.

"डेल, हे बघ," लोर्ना फोन ठेवून म्हणाली, "नातू हवाय की खासदार?"

"हा काय प्रश्न झाला? नातू!"

"मग ऐक. अंगणात प्रचाराच्या पाट्या लावायच्या नाहीत. जेवताना उमेदवारांची नावं काढायची नाहीत. आणि मतदानाला दोघांनीही जायचं नाही."

"मतदानाला नाही? अगं, माझा हक्क आहे तो!"

"तुझं मत माझं मत खातं, माझं तुझं खातं. चाळीस वर्षं आपण दोघं मिळून पेट्रोल जाळून शून्य मत देऊन येतोय. एक वर्ष नाही दिलं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

हिशेबात खोट काढता येईना, म्हणून डेलबर्टने हात पुढे केला. दोघांनी स्वयंपाकघरात उभ्याने हस्तांदोलन केलं. करार झाला.

करार मोडला तो टीव्हीने. सप्टेंबर लागला आणि दर पाच मिनिटांनी जाहिराती सुरू झाल्या. एकीकडे हॅनिगन. हा माणूस पेशाने दातांचा डॉक्टर, पण जाहिरातीत चौकडीचा शर्ट घालून ट्रॅक्टरला रेलून उभा. दुसरीकडे प्रेस्कॉटबाई. या मोठ्या वकील, पण जाहिरातीत केकला लोणी फासताना दिसत. तो म्हणे ही कर वाढवणार, ती म्हणे हा दवाखाने बंद करणार. नावं काढायची नाहीत असं ठरलेलं, त्यामुळे प्रेस्कॉटबाई दिसल्या की डेलबर्टला खोकला येई आणि हॅनिगन दिसला की लोर्ना भांडी घासायला घेई. घासलेलीसुद्धा.

"त्या ट्रॅक्टरला हात लावायची त्याची पहिलीच वेळ आहे," एकदा ती कुणालाच उद्देशून नसल्यासारखी म्हणाली.

"आणि तो केक विकतचा आहे," डेलबर्ट छताकडे बघत म्हणाला.

शेवटी एका सकाळी डेलबर्ट लाकूड आणायला म्हणून गाडी घेऊन गेला आणि हॅनिगनची पाटी घेऊन आला. हॅनिगनचं प्रचाराचं ऑफिस चांगलं तासाभराच्या अंतरावर निघालं. आपल्याच उमेदवाराचं ऑफिस इतकं लांब कसं, असा प्रश्न साध्या माणसाला पडला असता. डेलबर्टला पाटी अंगणात कुठे शोभेल एवढाच प्रश्न पडला होता.

"हे काय?" लोर्ना कमरेवर हात ठेवून दारात उभी.

"छोटीशीच आहे."

"करार झाला होता!"

"आपण जेवतोय का आत्ता? नाही ना? मग झालं तर!"

लोर्नाने गाडीची किल्ली उचलली. ती गाडीत बसली आणि संध्याकाळी प्रेस्कॉटबाईंची पाटी घेऊन आली. दुप्पट मोठी. मग डेलबर्टने आणखी दोन आणल्या, लोर्नाने तीन. आठवड्याभरात अंगणात गवत कमी आणि उमेदवार जास्त दिसायला लागले. शेजारची वांडा कुत्र्याला फिरवताना थांबून म्हणाली, "अगं लोर्ना, प्रेस्कॉटची पाटी? आणि इथे?"

"बघ, बघ!" लोर्ना घरात येऊन चडफडली. "या गावाला कशाचं सोयरसुतक म्हणून नाही. एका घरापुढे पाटी दिसत नाही. लोकशाही काय आपण दोघांनीच सांभाळायची?"

"अगदी बरोबर," डेलबर्ट म्हणाला. मग आपण हिच्याशी सहमत झालो हे लक्षात येऊन खोकला.

ऑक्टोबरच्या शेवटी कोर्टनीचा व्हिडिओवर फोन आला. एमेटला बघण्याच्या नादात लोर्ना नेमकी खिडकीला पाठ करून बसली.

"आई, तुझ्या मागे अंगणात ते काय आहे? पाट्या आहेत का?"

"पाट्या? छे गं! हॅलोविनची सजावट. थडगी आहेत ती."

"इतकी थडगी?"

"तुझे बाबा! तुला माहितीयेत ना ते? हातात घेतलं की आवरत नाही. अजून भुतं करायची राहिलीत. थांब, उद्या फोन कर, दाखवते."

फोन ठेवून दोघंही उठली. डेलबर्टने कपाटातल्या सगळ्या पांढऱ्या चादरी काढल्या आणि लोर्नाने एकेका पाटीवर चादर घालून डोळे रंगवले. काम करताना दोघं इतकी हसली की वांडाच्या कुत्र्याने भुंकून मोहल्ला गोळा केला. दुसऱ्या दिवशी कोर्टनीने भुतं पाहिली. "किती गोड! आणि या वर्षी तुम्ही दोघं काय शहाण्यासारखी वागताय! आम्ही येतोय हं नक्की."

लोर्नाचे डोळे भरून आले. नातू येणार होता, आता फक्त मतदानाचा मंगळवार मुकाट्याने काढायचा होता.

त्या मंगळवारी सकाळी डेलबर्ट टोपी घालत म्हणाला, "जरा केस कापून येतो."

डेलबर्टच्या डोक्यावर कापण्याजोगं काही उरलं नव्हतं. पण लोर्नाने एका शब्दानेही हटकलं नाही. "ये की सावकाश. मीही चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला जातेय."

चोराच्या मनात चांदणं! नाहीतर मंगळवारी सकाळी तालीम कसली, हे डेलबर्टने विचारलं नसतं का?

अग्निशमन केंद्रातल्या मतदान केंद्रावर डेलबर्ट रांगेत उभा राहिला. पुढच्या बाईच्या डोक्याला रुमाल आणि डोळ्यांवर काळा चष्मा होता. नोव्हेंबरातल्या ढगाळ दिवशी.

"तालीम कशी चाललीये?" त्याने मागून विचारलं.

बाई ताडकन वळली. "आणि तुझे केस कोण कापतंय इथे? बंबवाले?"

"दगाबाज! माझं मत खायला आलीस!"

"मी? तू आधी घराबाहेर पडलास!"

"हॅनिगनला माझी गरज आहे!"

"दातांची असेल!"

"शू!" टेबलामागून आवाज आला. तिथे वांडा बसली होती, गळ्यात निवडणूक कर्मचाऱ्याचं ओळखपत्र अडकवून. "इथे उमेदवारांची नावं घ्यायची नाहीत. नियम आहे. आणखी एक शब्द बोललात तर दोघांनाही बाहेर काढीन. ओळखपत्रं दाखवा."

दोघांनी मतपत्रिका घेतल्या आणि शेजारशेजारच्या आडोशांत शिरली. मग डाव्या आडोशातून डेलबर्टचा आवाज आला, "वांडा, माझी मतपत्रिका चुकलीये. यात हॅनिगनच नाही."

"माझ्यात प्रेस्कॉटबाई नाहीत!" उजवीकडून लोर्ना.

वांडाने कपाळाला हात लावला. "अरे देवा! म्हणजे ती नावं तुम्ही अंगणात... अहो, मतदारसंघांचा नवा नकाशा नाही का आला? आपला रस्ता आता दुसऱ्या मतदारसंघात. ते दोघं लढतायत ते ओढ्याच्या पलीकडे. टीव्ही तेवढा दोन्हीकडे एकच दिसतो."

चादरी, भुतं, लांबलांबच्या चकरा, खोटं बोलणं, सगळं मुसळ केरात! डेलबर्ट आडोशाबाहेर मान काढून लोर्नाकडे बघत राहिला. लोर्ना मतपत्रिकेकडे.

"मग आपल्याकडे कोण उभा आहे?" तिने विचारलं.

"एकच नाव आहे. कुणीतरी वॉरन गिफर्ड. आमच्याच पक्षाचा दिसतोय."

"आणि त्याच्यासमोर?"

"कुणी नाही."

"म्हणजे बसल्या जागी निवडून येणार? फुकट? झाली तुझी चैन!"

लोर्नाला वाटलं, आता हा नाचेल. पण डेलबर्टचा चेहरा लाल झाला होता. "चैन कसली डोंबलाची! एकदा दारात आला नाही. फोन नाही, पत्रक नाही, टीव्हीवर तोंड दाखवलं नाही. मत मागायलासुद्धा आला नाही! मी काय त्याच्या खिशात पडलोय?"

"तुला नाही विचारलं, तर मला कोण विचारतो?" लोर्ना म्हणाली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांनी एकाच बाजूने मतदान केलं. म्हणजे तो रकाना दोघांनीही कोरा ठेवला.

थँक्सगिव्हिंगला कोर्टनी आली, ट्रॅव्हिस आला, आणि उंच खुर्चीत एमेट विराजमान झाला. टर्कीचा तुकडा न तुकडा शांततेत वाटला गेला. कोर्टनी तर इतकी निर्धास्त झाली की तिने दुसऱ्यांदा ग्रेव्ही घेतली. तेवढ्यात ट्रॅव्हिस भाबडेपणाने म्हणाला, "मग बाबा, गावात नवीन काय?"

"नवीन?" डेलबर्टने काटा खाली ठेवला. "आयता खासदार मिळालाय आम्हाला!"

"मत न मागता!" लोर्ना म्हणाली.

"तोंड न दाखवता!"

"वॉशिंग्टनला बसून पगार खाणार मेला!"

पुढे पाऊण तास दोघं एका सुरात बोलत होती. एकाचं वाक्य दुसरा पुरं करी आणि ते संपायच्या आत पहिला पुढचं सुरू करी. ट्रॅव्हिसने दोनदा हवेचा विषय काढून पाहिला. हवासुद्धा गिफर्डमुळेच बिघडली होती. बटाटे गार झाले. शेवटी कोर्टनी ताडकन उठली आणि तिने एमेटला कडेवर घेतलं.

"अगं, पण आम्ही भांडत कुठे होतो?" लोर्ना घाबरून उभी राहिली.

"तेच तर!" कोर्टनी रडकुंडीला आली होती. "पूर्वी तुम्ही भांडायचात, तेव्हा निदान निम्मा वेळ एकमेकांना गप्प तरी करायचात! आता कोण थांबवणार तुम्हाला?"

"थांबायचं कशाला?" डेलबर्ट छाती फुगवून म्हणाला. "दोन वर्षांनी त्या गिफर्डसमोर मी स्वतः उभा राहणार. लोर्ना माझा प्रचार करील."

"मी? हत्तीचा प्रचार?" लोर्नाने हातातला डाव खाली आपटला. "उभी राहीन तर मीच राहीन. गाढवाकडून!"

"तू? चारचौघांत बोलता येतं का तुला?"

"आणि तुला ऐकता येतं का?"

"करार मोडून रुमाल बांधून कोण आलं होतं?"

"क्रॅनबेरी कोणी फेकली होती?"

कोर्टनीने सुटकेचा श्वास सोडला. एमेटला पुन्हा खुर्चीत बसवलं, आणि बटाट्यांचं भांडं ट्रॅव्हिसच्या हातात देत म्हणाली, "जा, गरम करून आण. आता निवांत जेवू."