धावपट्टीला पाणी

हिरालालने रोलिंग मिलमध्ये चौतीस वर्षं लोखंड लाटलं आणि निवृत्त झाल्यावर गवत लाटायला घेतलं. जामुल गावाच्या पुढे, घरामागे त्याचं लांबट शेत होतं. तिथला धान बंद करून त्याने दूब, म्हणजे हरळी लावली, रूळ फिरवला, फवारे बसवले, चार वर्षं खेटे घालून धावपट्टीच्या परवानगीचे कागद मिळवले. कारण मोहित, त्यांचा एकुलता एक, नागपूरला विमान चालवायला शिकवत होता आणि लहानपणी म्हणाला होता, "आई, मी विमान तुझ्या अंगणातच उतरवीन."

कौशल्याला ती हिरवी पट्टी पाहुण्यासाठी अंथरलेल्या सतरंजीसारखी वाटे. रोज झटकायची, पाहुण्याचा पत्ता नाही.

शेवटी मे महिन्यातल्या एका रविवारी आभाळात घरघर झाली. दोघांपुरतं इवलंसं विमान गवतावर टेकलं, धावलं आणि पेरूपाशी थांबलं. मोहित उतरला, पाया पडला, आणि लगेच घड्याळ पाहिलं.

"आई, दोन घंटे. एक बजे निकलना है."

"दोन घंट्यात काय होते रे? तुले अनारसे आवडते म्हून..."

"तो बना ना!"

"तांदूळ तीन दिवस भिजवा लागते, बाबू."

"मग राहू दे. सुपेल्याच्या बाजारातून आणून खाऊ कधी."

कौशल्याने पिठलं-भात वाढला. कूलर असा गर्जत होता, की बाहेरचं काही ऐकू येईना. इकडे शेताची लाइन, म्हणजे वीज, कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून सगळ्यांच्या पाण्याच्या मोटरीचा स्टार्टर 'ऑटो'वर असतो; लाइन आली की मोटर आपोआप सुरू. हिरालालचाही होता. हात धुवायला बाहेर आले, तर सगळे फवारे थुईथुई नाचत होते आणि विमान अर्ध्या चाकापर्यंत चिखलात बसलं होतं.

"बाबा! ये क्या किया?"

"विसरलो ना रे. आता धोंडबाले बोलावतो."

शेजारचा धोंडबा ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॅक्टर विमानापर्यंत पोचलाच नाही; दहा हात अलीकडेच रुतला. त्याला काढायला बैल आले. बैलांनी चिखलात काही केलं नाही, दूब मात्र पोटभर खाल्ली.

मोहितने साहेबांना फोन लावला. "सर, जहाज फंस गया है... नहीं सर, मौसम ठीक है... घर पे फंसा है, सर. पानी डाल दिया."

त्या रात्री तो आपल्या जुन्या खाटेवर झोपला. पाय बाहेर येत होते. कौशल्या दोनदा पांघरूण घालून आली.

सकाळी कोरडा वारा सुटला. "दुपारपर्यंत सुकेल. मग मी निघतो," मोहित चहा पिता पिता म्हणाला आणि आंघोळीला गेला.

कौशल्या पदर खोचून मोटरीच्या खोलीकडे निघाली. स्टार्टरला एकदाच हात लावायचा होता. पण दारात हिरालाल उभा होता.

"तू कावून आली?"

"तुमी कावून आले?"

"मी तं... बंद कराले आलो."

तिने आत डोकावलं. काल बंद केलेलं बटण पुन्हा 'ऑटो'वर होतं.

"काल खरंच विसरले होते ना तुमी?"

हिरालाल पट्टीकडे पाहत राहिला. "गवत वाळून राहिलं होतं ना वं."

कौशल्या घराकडे दोन पावलं गेली, मग वळून हळूच म्हणाली, "लाइन किती वाजता येते?"

"येईलच आता."

"मंग मी तांदूळ भिजू घालते."