लाव साफ करायची सुरी

"आमना जवाई कलम चांगली चालाडतस."

माझे सासरे, साक्रीकडचे धनसिंग आबा, दर पोळ्याला चार माणसांत माझी ही एवढी एकच स्तुती करत. ऐकणारे हसत. मीही हसायचो (जावयाला दुसरं काय करता येतं?). या वाक्याचा खरा अर्थ फक्त घरच्यांना ठाऊक होता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी आबांनी मला एक तितर साफ करायला दिलं होतं, आणि मी ते इतकं साफ केलं की शेवटी पातेल्यात टाकायला काही उरलंच नाही.

त्यामुळे शहाऐंशीच्या हिवाळ्यात आबांचं पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. "रविवारी एरंडोलला येतो. सहा लाव आणतो. साफ तुम्ही करा." लाव म्हणजे ती मातकट रंगाची, मुठीत मावणारी पाखरं. मी उलट टपाली कळवलं, "अवश्य. मी स्वतः साफ करीन." (कलम चांगली चालते, ती अशी.)

"माझ्या विळीला हात लावायचा नाही," माझ्या बायकोनं, पुष्पानं बजावलं. "तिच्यावर मी कोथिंबीर चिरते. पाखरांसाठी वेगळी सुरी आणा."

कचेरीतले शिपाई वना नाना या विषयातले जाणकार. गिरणेचा मासा आणि रानातलं पाखरू, दोन्ही त्यांच्या हाताखालून गेलेलं. माझ्या हातातला बाजारचा घडीचा चाकू बघून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"हाऊ पेन्सिल छिलाले ठेवा. घडीना खाचमा रंगत जास, खवलं जास, मंग आठ दिन वास मारस. एकसंध पातं जोयजे. चार बोटं लांब, टोक बारीक, आनि पातं मुठमा शेवटलोंग गयेल. भटू लोहारकडे जा. पन त्यासले जास्त बोलनं आवडत नही."

भटू लोहार पद्मालयाच्या रस्त्याला, ओढ्यापलीकडे एकटाच राहायचा. बुधवारी कचेरी सुटल्यावर सायकल काढली. ओढा ओलांडला आणि एकाएकी सगळं गप्प झालं. कुत्रं नाही, बैलाची घंटा नाही. झोपडीत भट्टी धुमसत होती आणि तिच्या तांबड्या उजेडात म्हातारा पाठमोरा बसला होता. वळून न बघताच त्यानं विचारलं, "काय कापनं शे?"

"लाव साफ करायची आहे."

भात्यावरचा हात थांबला.

"कोठे?"

"घरीच. अंगणात."

"कोठली शे?"

"बायकोच्या माहेरची."

म्हातारा सावकाश उठून वळला. त्याचा एक डोळा पांढरा होता. "एकच शे ना?"

"छे, सहा आहेत."

तो मटकन खाली बसला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाईनी तब्बेत कसी शे?"

"उत्तम! तिला तर लाव फार आवडते. तीन-तीन एकटी खाते. हाडांसकट."

त्यानं कपाळाला राख लावली. मला वाटलं, कामाला सुरुवात करायची पद्धत असेल. "मासेही साफ होतील ना हिच्यानं?" मी विचारलं. त्यावर त्यानं माझ्या घराचा पत्ता तेवढा दोनदा विचारून घेतला.

"शनवारे सांजले या. अमावस्या शे. चांगलं व्हयी."

शनिवारी गेलो तेव्हा सुरी तयार होती. काळ्या फडक्यात गुंडाळलेली, वर लिंबू. पैसे पुढे केले तर भटूनं हात मागे घेतला. "ह्या कामना मी पैसा लेत नही. ध्यान दिसन ऐका. वाटमा कोनाशी बोलू नका. मांगे दखू नका. पानी लागू देऊ नका. आनि सुरी कोनाना हातमा देऊ नका."

कारागीर असावा तर असा, मी मनात म्हटलं. लोखंडाला पाणी लागलं तर गंज चढतो, सुरी हातात दिली तर भांडण होतं, हे मलाही माहीत होतं. लिंबू बहुधा माशासाठी. पण मागे बघितल्यानं पात्याचं काय बिघडतं, ते काही कळेना. ओढ्यात सायकल हातानं ढकलत होतो तेव्हा मागून पाण्यात पावलं पडल्याचा आवाज आला. मी थांबलो की तो थांबे. निघालो की पुन्हा चुबुक, चुबुक. मागे मात्र बघितलं नाही. वाटेत आमचे हेडक्लार्क भेटले, म्हणाले, "काय, कुणीकडे?" मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं आणि न बोलता पुढे गेलो. (याचं उत्तर मला सोमवारी लेखी द्यावं लागलं.)

गल्लीत आलो तर वीज गेलेली. आमच्या घराचं दार उघडं आणि आत काळोख. चुलीच्या उजेडात पुष्पा बसली होती, केस मोकळे सोडून. माझ्याकडे न बघता घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आणली का सुरी?"

तेवढ्यात खाटेखालून खरवडल्याचा आवाज आला. नखांनी. आणि मागोमाग कुणीतरी दबक्या आवाजात कुरकुरलं. फडकं माझ्या हातून गळून पडलं.

"आते उनात का जवाई?" अंधारातून आबांचा आवाज आला. "मी एक दिन पहिलेच उनू."

मग उलगडा झाला. आबा दुपारच्या एस.टी.नं आले होते, येताना एक मासाही घेऊन. पुष्पानं डोकं धुतलं होतं आणि सर्दीनं तिचा घसा बसला होता. खाटेखालच्या टोपलीत सहा लाव होत्या, जिवंत. मी मोठ्यानं हसलो. इतक्या मोठ्यानं की आबांनी कंदील पेटवून माझ्याकडे नीट बघितलं.

"मंग? होऊ द्या," ते म्हणाले, आणि पाट घेऊन समोरच बसले. "पहिले हाऊ मासा करा. मंग पाखरं."

वर्षानुवर्षांची अब्रू त्या एका माशावर येऊन ठेपली. मी सुरी काढली. काय रूप होतं! चार बोटं पातं, बारीक टोक, मुठीत शेवटपर्यंत गेलेलं. मी माशाच्या पोटावर ती फिरवली. मासा तसाच. जोर लावला, मासा निसटून आबांच्या धोतरावर गेला. परत आणून पुन्हा फिरवली. माझा अंगठाही घासून बघितला, साधा ओरखडा नाही. सुरीला धारच नव्हती!

आबांनी नुसती मिशी पुसली. ते मला पोळ्यापेक्षाही जास्त लागलं.

तेवढ्यात दारात डफ वाजला. घुंगरांची काठी आपटत एक उंच माणूस आत आला, कपाळभर शेंदूर. मागे भटू लोहार, गुडघ्यापर्यंत ओला. (ओढ्यातली पावलं म्हणजे हेच तर!)

"घाबरू नका," भटू त्या शेंदरवाल्याकडे बोट करून म्हणाला. "पुना भगतले लई उनू. सा लाव शेतीस, तुमना एकलाना हातनं निंघाव नही."

"पण हिला धार का नाही?" मी जवळजवळ रडतच विचारलं.

"लाव काढानी सुरीले धार ऱ्हास का कधी? बाईले लागी गयी तं?"

पुष्पाच्या लक्षात माझ्याआधी आलं. अंगात शिरणाऱ्या बाईच्या भुताला, लावसटीला, इकडे पूर्ण नावानं कुणी हाक मारत नाही. मारली तर ती ओ देते म्हणतात. नुसतं 'लाव' म्हणतात. म्हणजे बुधवारी मी त्या म्हाताऱ्याला सांगून आलो होतो की माझ्या बायकोच्या माहेरून सहा हडळी यायच्या आहेत आणि त्यातल्या तीन ती हाडांसकट खाते.

"अहो, लाव म्हणजे ही!" मी ओरडलो आणि खाटेखालची टोपली ओढून झाकण काढलं.

नेमका त्याच क्षणी भगतानं डफावर थाप मारली. फुर्रकन सगळ्या उडाल्या. एक कंदिलावर आदळली, एक भगताच्या शेंदरावर. तो किंचाळत खाटेवर चढला. आणि उघड्या दारातून सहाच्या सहा बाहेरच्या अमावास्येत नाहीशा झाल्या.

आबांनी कंदील उचलून रिकाम्या टोपलीत बघितलं.

"भगत खरा शे," शेवटी आबा म्हणाले. "सा लाव व्हतीत. बठ्ठ्या गयात."

मासा आबांनीच पुष्पाच्या विळीवर कापला. पुष्पानं हूं की चूं केलं नाही. भटू आणि भगत जेवूनच गेले. जाताना भगतानं पुष्पाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काळा दोरा माझ्या मनगटाला बांधला. "बाईले काही नही शे," तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सुरी अजून आहे. धार नसल्यामुळे आतला कागद कापला जात नाही, म्हणून कचेरीत टपालाची पाकिटं उघडायला ती फार सोयीची पडते. वना नानासुद्धा ती माझ्या हातात देत नाहीत, नमस्कार करून टेबलावर ठेवतात.

पुढच्या पोळ्याला आबांनी चार माणसांत स्तुतीत भर घातली.

"आमना जवाई कलम चांगली चालाडतस," ते म्हणाले. "आनि सुरी त्यानापेक्षा चांगली. आते पाकिटसले त्यासनी लई भीती वाटस."