मोरीतले चाळीस गवंडी

माईच्या घरात घाणीने मुक्काम केला असं आजवर कधी झालं नव्हतं. फरशी अशी लखलखीत, की पाहुण्याने पाय ठेवताना बिचकावं; आणि एखादा बिचकला नाहीच, तर माई त्याला बिचकायला लावत असे. शाळेचं तोंड तिने दोनच वर्षं पाहिलं होतं, पण मळ ओळखायला शाळा लागत नाही, हे ती भल्याभल्या पदवीवाल्यांना ऐकवून होती.

आणि त्याच माईच्या मोरीत तिच्या पोटच्या पोरीने शेवाळलेले दगड आणून ठेवले! दोन ट्रे भरून. एकात ओढ्याच्या वरच्या अंगाचे, दुसऱ्यात खडीच्या खाणीखालचे. लेक विद्यापीठात ओढ्यातल्या जिवांवर संशोधन करत होती. तिथलं पाणी गार ठेवणारं यंत्र बंद पडलं, आणि घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे मोरी.

"दोनच दिवस, आई. मी ओढ्यावर जाऊन येते. हात लावू नकोस."

"मी कशाला लावतेय? दगड आहेत का दागिने?"

लेकीची पाठ वळली आणि माईला राहवेना. सोमवारी लेकीचे सर घरी येणार होते. एवढा शिकलेला माणूस, आणि त्याने हा चिखल बघायचा? माईने पदर खोचला, हिरवा ब्रश उचलला आणि एकेक दगड असा घासला, की ओढ्याने जन्मात घासला नसता. दोन्ही ट्रेमधलं पाणी, गाळ, सगळं एकाच मोठ्या टबात गेलं, गळक्या नळाखाली. साबण संपला होता, एवढंच नशीब. दगड उन्हात वाळवून तिने दाराशी ओळीने मांडले.

सोमवारी सकाळी लेक आली, ती ओळ पाहिली आणि उंबऱ्यावरच बसली.

"आई, त्या दगडांवर चाळीस अळ्या होत्या."

"मग? निघाल्या की. एक राहू दिली नाही."

लेक रडली नाही, हे माईला जास्त लागलं. सपाट आवाजात तिने सांगितलं, की या अळ्या वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती घर बांधतात. खाणीचा भुगा पाण्यात उतरला की ती घरं कशी होतात, हे ती आठ महिने मोजत होती. वरच्या वीस, खालच्या वीस. आता सगळ्यांची खिचडी.

"सरांना आज काही दाखवता आलं नाही, तर माझं वर्ष गेलं. आणि खाणीविरुद्ध ओढ्याच्या बाजूने दाखवायला पुरावाही उरला नाही."

"घर बांधतात?" माई म्हणाली. "अळ्या?"

लेकीने भिंग पुढे केलं. माई टबाशी उकिडवी बसली, आणि तिचं तोंड बंद झालं. घराच्या इतिहासात ही पहिलीच वेळ.

तांदळाएवढी नळी. कणाला कण बसवलेला. मोठ्याशेजारी लहान, फटीत त्याहून लहान. पुढून सहा पाय निघाले, एक कण उचलला, फिरवून फिरवून पाहिला, पसंत पडला नाही, टाकला. दुसरा उचलला.

माईचा नवरा गवंडी होता. त्याच्यामागे तिने उभा जन्म घमेली वाहिली होती. दगड हातात फिरवून नापसंत करायची त्याची तऱ्हा अगदी हीच.

"यांना कुणी शिकवलं गं?"

"कुणीच नाही."

"ना ओळंबा, ना थापी," माई पुटपुटली. एकामागून एक नळी ती भिंगाखाली बघत गेली. मग एकदम म्हणाली, "दोन वाडगे आण. आणि चमचा."

"कशाला?"

"हा वरचा. हा खालचा. सांधे बघ याचे. खडीची कच आहे ही, धारदार, एकमेकीत बसत नाही. गवंडी गुणी आहे बिचारा, माल वाईट मिळालाय त्याला."

दुपारी सर आले तेव्हाही ती उठली नाही. "चपला बाहेर. आणि उजेड सोडा," एवढंच म्हणाली. सर चपला काढून तिच्याशेजारी उकिडवे बसले. मग त्यांनी सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही वाडग्यांतली पाच-पाच घरं तपासली. कणांच्या कडा पाहिल्या, पुन्हा पाहिल्या.

"दहाच्या दहा बरोबर, माई." मग लेकीकडे वळून, "तू घरांचं वजन केलंस, लांबी मोजलीस. माल पाहिलास?"

"नाही, सर."

"मग पुढचं प्रकरण तेच. आईंना विचारून लिही."

लेकीच्या चेहऱ्यावर सकाळी उडालेला रंग परत आला. माई तर फुगून दुप्पट झाली. "माझ्या घरात माझ्या नजरेतून काही सुटत नाही," ती सरांना म्हणाली, "मग तो मळ असो की माणूस."

लेक वाडगे मोजत होती. "वरच्या वीस. खालच्या एकोणीस. आई, एक कमी आहे."

"टबात आता नुसता कचरा उरलाय. माझ्या ब्रशची झडलेली सुतं. सकाळपासून तीनदा बाजूला सारली मी."

सरांनी टबावर भिंग धरलं. ब्रशच्या सुतांची एक हिरवी जुडी, टोकाला टोक जुळवून नीट चिकटवलेली, सहा पायांवर उठली आणि संथपणे चालू लागली.

तिघांची डोकी टबावर वाकली. नळ तेवढा गळत होता.

"माई," सरांनी हळूच विचारलं, "या गवंड्याने माल कुठला वापरला म्हणायचा?"

माईने पदर सारखा केला.

"आमच्या मोरीचा," ती म्हणाली.