डब्यातला मोर्चा

यशवंतअण्णांकडे कधी जाऊ नका. गेलातच, तर खुर्चीत बसू नका. बसलातच, तर समोरच्या स्टुलावर कॉफी पावडरचा डबा दिसेल. त्याची चिकटपट्टी अण्णा दातांनी ओढून काढतील आणि फर्मावतील, "सरी," म्हणजे कानडीत ठीक, "आता आठ मिनिटं हलायचं नाही."

तो डबा म्हणजे कॅमेरा. आतून काळा रंग, पुढे सुईचं भोक, मागे फोटोचा कागद. खिशाखिशात कॅमेरे असलेल्या बंगळूरमध्ये हा माणूस डब्याने फोटो काढतो!

अण्णा चामराजपेटेतले जुने मराठी शिंपी. आमवाताने बोटं वाकडी झाली, कात्री सुटली, कॅमेऱ्याचं बटणही दाबवेना, तेव्हा डबा आला. इथपर्यंत मला आदर आहे. पुढे नाही, कारण पुढे कला सुरू होते.

कला म्हटली की व्हाइटफील्डच्या आयटी कंपन्यांतली पुण्या-मुंबईची मंडळी येतात. "काका, यू आर सो इन्स्पायरिंग!" म्हणत डोळे पुसतात. आजारी माणसाला फुटपाथवर धड चालता येत नाही, याची यांना चीड नाही. तो फोटो काढतो, याचं मात्र भरतं येतं! अण्णा त्यांनाही बसवतात. तिसऱ्या मिनिटाला मंडळी मोबाईल काढतात, चुळबुळतात, आणि फोटोत नुसती खुर्ची येते. अशा रिकाम्या खुर्च्या अण्णांनी भिंतभर लावल्यात. आधुनिक कला असेल, म्हणून मी तिकडे लक्षच दिलं नाही.

"अण्णा, कधीतरी चिडा की!"

"स्वल्प बस गं, पत्रक." मी पत्रकं वाटते म्हणून माझं हे बारसं.

तर आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात सांधेदुखीचा विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. बाहेरून चढणारा उघडा जिना. सांधेदुखीचा! हे ज्याने ठरवलं त्याचे गुडघे मला एकदा बघायचेत. विभाग खाली आणा, म्हणून आम्ही मोर्चेवाले दवाखान्याच्या साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "तक्रार कुणाचीच नाही. जिना तर रिकामाच असतो. पुरावा आणा."

पुरावा कसा आणणार? आवारात मोबाईल काढला की सुरक्षारक्षक अंगावर येतो. पण कॉफीच्या डब्यावर कोण संशय घेणार? माझ्या डोक्यातली ही एकमेव कलात्मक कल्पना. मी अण्णांना गळ घातली.

"सगळ्यांना उभं करशील?" त्यांनी विचारलं.

"उभं कसलं? मोर्चा आहे तो!"

"सरी," म्हणाले, आणि सोमवारी सकाळी जिन्यासमोरच्या कट्ट्यावर डबा ठेवून त्यांनी चिकटपट्टी ओढली.

आम्ही चाळीस जण फलक नाचवत, घोषणा देत तो जिना चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. घसा बसला माझा.

संध्याकाळी अण्णांनी न्हाणीघरात फोटो धुऊन बाहेर आणला. जिना आला होता. पायरी न् पायरी स्वच्छ. माणूस एक नाही.

"अण्णा, चाळीस माणसं होती!"

"हलत होती. हलणारं डब्याला दिसत नाही. विचारलं होतं तुला, उभं करशील का."

"साहेबाचा पुरावा काढलात तुम्ही! रिकामा जिना! याच्यापेक्षा मी भिंतीवर चित्र काढलं असतं!" आणखीही बरंच बोलले. मोर्च्यात ऐकू जावं म्हणून जो आवाज काढते, त्याच आवाजात.

अण्णांनी वाकडं बोट कागदाच्या कडेशी नेलं. "इथं बघ."

खालून नववी पायरी. भिंतीला टेकून एक बाई, हात गुडघ्यावर. लुगड्याची किनारसुद्धा दिसत होती. शेजारी तिच्याकडे वळून बसलेले अण्णा.

"डब्यापाशी थांबायचं सोडून तुम्ही तिथे कशाला?"

"होन्नम्मा. डावा गुडघा. निम्म्यात अडकली होती. तुम्ही सगळे बाजूनं वर गेलात."

मी आठवू लागले. लुगडं आठवेना. कुणीतरी मध्येच बसलंय म्हणून मी फलक जरा उंच धरला होता, तेवढं आठवलं.

"मग तुम्ही दोघं वर कधी पोचलात?"

"पोचलोच नाही. डॉक्टर निघून गेले. तिला ऑटोत बसवून दिलं." फोटोचा ओला कागद त्यांनी तळहातांच्या कडांनी टेबलावर सपाट केला. "पण गप्पा चांगल्या झाल्या गं. दर महिन्याला त्या पायरीपाशी माझा दम संपतो. शेजारी कुणी बसलेलं, असं पहिल्यांदाच झालं."

उद्या साहेबांपुढे हाच फोटो ठेवणार आहे. आमच्या चाळीसांपैकी त्यात कुणी नाही.

दर महिन्याला, म्हणजे किती वर्षं, हे मी अण्णांना विचारलं नाही. खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसले.