चार बोटांचा क्लच

रज्जाकभाई ट्रकमध्ये चढताना डाव्या पायातली चप्पल काढायचे. फक्त डाव्या. उजवीकडची तशीच पायात. काढलेली चप्पल ते एका जुन्या टॉवेलात गुंडाळून सीटमागे ठेवत, अनवाणी डावा पाय क्लचवर ठेवत आणि मग किल्ली फिरवत. उतरताना पुन्हा टॉवेल सोडायचा, पुन्हा चप्पल घालायची. दिवसात वीसदा चढउतार असेल तर वीसदा हा सोहळा व्हायचा आणि आम्ही सगळे तो बघत उभे असायचो.

आमची म्हणजे शेठची लाकडाची वखार टिंबर मार्केटात होती. मी तिथे कारकून, रज्जाकभाई ट्रकवर ड्रायव्हर. त्या एका चपलेवरून हमालांत दोन पक्ष होते. एक म्हणायचा नवस आहे, दुसरा म्हणायचा कुणी ज्योतिषानं सांगितलंय. मी एकदा सरळच विचारलं. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "अहो, क्लचशी बोलताना मध्ये चामडं कशाला?"

माणूस जन्मानं गंज पेठेतला, शिकला नगरपालिकेच्या मराठी शाळेत. त्यांचं मराठी ऐकून सदाशिव पेठेतल्या माझ्या आत्येनं तोंडात बोट घातलं असतं, आणि त्यांचा खवचटपणा ऐकून ते बोट तिनं चावलं असतं. स्वारगेटच्या चौकात मागून कुणी फार हॉर्न वाजवायला लागला की ते खिडकीतून मान बाहेर काढून शांतपणे म्हणत, "आपण घाईत दिसता. मग काल निघायला हवं होतं."

कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "पायाला विचारून सांगतो." आज पाऊस येईल का? पायाला विचारून सांगतो. मग ते ओंडक्यावर बसायचे, डावं पाऊल हातानं धरून जरा दाबायचे आणि म्हणायचे, "चारच्या सुमारास येईल. ताडपत्री काढून ठेवा." रेडिओनं कोरडं हवामान सांगितलेलं असायचं आणि मी रेडिओच्या बाजूनं असायचो. चारला आमचे वासे ताडपत्रीखाली कोरडे आणि मी भिजलेला. लोकांना गंमत वाटायची. मलाही वाटायची, पण जरा कमी.

चालण्यातही त्यांची एक लकब होती. डावं पाऊल किंचित बाहेर फेकून ते संथ चालायचे. मी त्याला ऐट समजत होतो. हे आता लिहिताना हात थांबतो, पण समजत होतो हे खरं.

आणि गिअर. तो ट्रक इतका जुना होता की दार लावलं तर खिडकी खाली यायची. पण गिअर टाकल्याचा आवाज कधी आला नाही. "ज्या दिवशी माझ्या गिअरचा आवाज ऐकाल, त्या दिवशी ही मिशी काढीन," असं ते म्हणत. मिशी चांगली भरघोस होती.

भांडण होतं ते क्लचचं. त्या ट्रकचा क्लच फार वर लागायचा. ज्यांनी कधी गाडी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्लच दाबला की इंजिन चाकांपासून सुटतं, मग गिअर टाकायचा आणि पाय हळूहळू वर घ्यायचा. साधारण अर्ध्यावर आला की गाडी पुढे सरकली पाहिजे. आमच्या ट्रकचं पेडल जवळजवळ सगळं वर येईपर्यंत गाडी जागची हलत नसे. उलट बाजूनं पाहिलं तर पेडल दोन बोटं दाबलं की इंजिन सुटलं, एवढा तो हलका. पण असा क्लच घसरत राहतो. कात्रजचा घाट चढताना वास यायचा आणि वर्षाकाठी क्लचची एक प्लेट खाल्ली जायची.

हे सगळं मला कळायचं, कारण मी मोटार दुरुस्तीचा पोस्टानं शिकण्याचा कोर्स केला होता. सर्टिफिकेट वखारीच्या ऑफिसात माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं. आयुष्यात एक स्क्रूसुद्धा फिरवलेला नव्हता, पण पुस्तक पाठ होतं. पुस्तकात लिहिलं होतं की पेडल आधी बोटभर मोकळं जायला हवं, म्हणजे ते चार बोटांवर सुटतं. आमच्या पेडलला मोकळी चाल म्हणून काही नव्हतीच, उलट क्लच कायम बोटभर दाबलेलाच राहायचा. दोन नट फिरवायचं काम. मी रज्जाकभाईंना दहा वेळा सांगितलं.

दहाव्या वेळी हमाल जेवायला बसले होते. रज्जाकभाई चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "अहो पुस्तकवाले, तुमच्या त्या पुस्तकाला पाय असतात का?"

सगळे हसले. एकाला तर ठसका लागला. तेव्हापासून वखारीत माझं नाव पुस्तकवाले पडलं. शेठसुद्धा एकदा गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "बिल पुस्तकवाल्यांकडून घ्या." पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो की मला ट्रकची काळजी होती. काळजी होती, नाही असं नाही. पण खरं म्हणजे मला त्यांची जिरवायची होती.

शुक्रवारी रज्जाकभाई दुपारच्या नमाजाला जायचे. जमात, म्हणजे नमाजाची रांग, उभी राहायच्या चांगले तासभर आधी निघायचे. मी म्हणायचो, पुढची जागा पकडायची असेल. त्या शुक्रवारी ते कोपऱ्यावरून वळले आणि मी पुस्तक, नट फिरवायचे दोन पाने आणि गोणपाट घेऊन ट्रकखाली शिरलो. क्लचच्या दांड्यावरचे नट गंजलेले होते. रॉकेल ओतलं, पुस्तक छातीवर उघडं ठेवलं आणि अर्ध्या तासात दोन्ही नट फिरवले. दांडा हवा तेवढा सैल केला. मग केबिनमध्ये चढून, बूट घालूनच, माझा धडधाकट पाय पेडलवर ठेवला. आधी बोटभर मोकळं, मग चार बोटांवर सुटलं. अगदी पुस्तकात होतं तसं. मला इतका आनंद झाला की मी पाच-सहा वेळा उगाच दाबून पाहिलं. हात धुतले तरी नखांत ग्रीस राहिलं होतं. तेही मला शोभून दिसतंय असं वाटलं.

रज्जाकभाई आले. मांजरी गावात एका बंगल्याचे वासे पोचवायचे होते. माल भरलेला होता, आणि शेठ एका मोठ्या गिऱ्हाइकाला घेऊन अंगणात उभे होते. मी ऑफिसच्या दारात आलो. आता ते निघतील, त्यांना फरक कळेल, ते खाली उतरून विचारतील, कुणी केलं हे? आणि मी काय म्हणायचं हेही ठरलेलं होतं. मी म्हणणार होतो, "पायाला विचारा."

त्यांनी चप्पल काढली, टॉवेलात गुंडाळली. इंजिन सुरू झालं. आणि गिअरचा आवाज आला.

असला कर्कश आवाज त्या ट्रकनं माझ्यासमोर कधी केला नव्हता. अंगणातले सगळे हमाल वळून बघायला लागले. रज्जाकभाई गोंधळले, ते मला काचेतून दिसलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तोच आवाज. मग ते सीटवरून अर्धे उठले आणि सगळं अंग त्या डाव्या पायावर टाकलं. गिअर पडला, पण क्लच पुरता सुटलेला नव्हता. ट्रकनं पुढे उडी मारली आणि आमच्या पाण्याच्या रांजणाला धडकून बंद पडला. रांजण फुटला. पाणी गिऱ्हाइकाच्या बुटांपर्यंत गेलं. कुणाला लागलं नाही, म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

रज्जाकभाई बराच वेळ उतरले नाहीत. ते खाली वाकले होते. पेडल हातानं दाबून बघत होते, एकदा, दोनदा, तीनदा. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. माझे हात पाठीमागे होते. ते कधी मागे गेले मला कळलं नाही.

उतरायला गेले तर पाय टेकेना. दोघा हमालांनी धरून ओंडक्यावर बसवलं, एकानं पायजमा वर केला. डावा घोटा म्हणून जे काही असतं ते तिथे नव्हतंच. नडगी आणि पाऊल एकाच हाडाचं असावं तसं ताठ, वाकडं जुळलेलं, आणि आता वरून टम्म सुजलेलं.

"हे कधीपासून?" शेठनी विचारलं.

"सहा वर्षं झाली," रज्जाकभाई म्हणाले. इथेच, अंगणात, सागाचा ओंडका पायावर आला होता. सगळे घरी गेले होते. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मिरजेला मुलीकडे जातो म्हणून महिनाभर रजा घेतली आणि हाडवैद्याकडून बांधून आणलं. डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं असतं तर ट्रक हातचा गेला असता. मग परत येऊन त्यांनी क्लचच आपल्या पायाला लावून घेतला, त्या पायानं जातील तेवढी दोन बोटं. अनवाणी पायाच्या बोटांनी पेडल धरता यायचं, चपलेनं नाही. सहा वर्षं त्यांनी त्या दोन बोटांवर आमचं लाकूड सगळ्या पुण्याला पोचवलं होतं.

"मग आज काय झालं? क्लचला काय झालं?" शेठ म्हणाले.

मी तिथेच होतो. चार पावलांवर. एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

"क्लच उत्तम आहे," रज्जाकभाई म्हणाले. "पायच जुना झाला."

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी रज्जाकभाईंना फाटकावर बसायचं काम देऊ केलं. ते म्हणाले, "बसून काय करू? बसायला घरी खुर्ची आहे." आणि टॉवेलात गुंडाळलेली चप्पल बगलेत मारून ते रिक्षात बसले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं, त्यांनी मिशी काढली.

नवा ड्रायव्हर आला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "क्लच काय झकास लावलाय, कुणी लावला?" मी म्हटलं, माहीत नाही. तो दर आठवड्याला कौतुक करायचा. मी भिंतीवरचं सर्टिफिकेट उतरवून कपाटामागे टाकलं. शेठनी विचारलं तर सांगितलं, वाळवी लागली.

गंज पेठ वखारीपासून चालत दहा मिनिटांवर. मला तिथे पोचायला चार महिने लागले. आधी कामं होती, मग सर्दी होती, मग गणपती होते. शेवटी एका रविवारी सकाळी पाव डझन केळी घेऊन गेलो. अर्धा डझनसुद्धा घ्यायचं सुचलं नाही, यावरून माझी अवस्था कळावी.

एक खोली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. स्टोव्ह, कॉट, खिडकीत तुळशीएवढं पुदिन्याचं रोप. मिशीशिवायचा चेहरा मला क्षणभर ओळखूच आला नाही. "या, पुस्तकवाले," ते म्हणाले, "केळी मोजूनच आणलीत वाटतं." आणि चहा ठेवायला उठले.

मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. शुक्रवार, नट, रॉकेल, सगळं. केळी अजून हातातच होती.

त्यांनी स्टोव्हची वात बारीक केली. "मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पेडलखालून रॉकेलचा वास येत होता. आणि आमच्यात बोटं मोजून क्लच लावणारे आपण एकटेच."

"मग शेठना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? क्लच बरोबर लावला म्हणून? चुकीचा तर मी लावला होता."

तेवढ्यात मला कॉटपाशी ती वस्तू दिसली. एक फळी, तिच्यावर भंगारातून आणलेलं ट्रकचं पेडल ठोकलेलं, खाली जाड स्प्रिंग. शेजारी भिंतीवर खडूनं आडव्या रेघा मारलेल्या होत्या. मी बघतोय हे पाहून ते जरा ओशाळले. मग कॉटवर बसले, डावा पाय पेडलवर ठेवला. "रोज सकाळ-संध्याकाळ शंभर वेळा," ते म्हणाले. "दोनाच्या वर जात नव्हता. आता जातो. तुमचा क्लच चार बोटांचा आहे ना? त्याला हात लावू नका. ट्रकसाठी तोच बरा. पायच मी चारावर आणतो. मग शेठकडे तुम्ही चला माझ्याबरोबर. मला एकट्याला जायला बरं नाही वाटत."

त्यांनी दात आवळून पेडल दाबलं आणि धरून ठेवलं. कपाळावर घाम आला. "मोजा," ते म्हणाले.

मी खाली बसलो. पेडल किती खाली गेलं ते बोटं लावून मोजलं. "चार," मी म्हणालो.

"अहो," ते पाय न काढता म्हणाले, "कारकून आहात. मोजताना तरी खोटं बोलू नका."

मी पुन्हा मोजलं. तीनच होती. मी खडू घेतला आणि भिंतीवर तीन बोटांवर रेघ मारली.