दुर्बिणीचं पॅनेल

आमच्या गडमुडशिंगीत कुणालाही विचारा, निवडणूक शिकावी तर कुणाकडून? लोक थेट माझ्या घराकडं बोट दाखवतील! दूध संस्थेचं पॅनेल मी आजवर एकदाही पडू दिलेलं नाही. बसलेल्या म्हशीसुद्धा मला बघून उभ्या राहतात!

तर, आमची वर्षाराणी कोल्हापुरात खगोलशास्त्राची पदवी करते. पुढच्या सत्राला एक विषय आपल्या आवडीचा निवडायचा होता. तिला हवी होती दुर्बीण बांधणी. स्वतःच्या हातानं आरसा घासायचा, नळीत बसवायचा आणि शनीची कडी बघायची! लहानपणी दुधाच्या किटलीचं बूड काढून ती चंद्र बघायची आणि माझ्या शिव्या खायची. तर एक दिवस हीच पोरगी तोंड पाडून घरी आली.

"पप्पा, माझा विषय बंद पडतोय. निदान दहा जण लागत्यात आणि मी एकटीच हाय. बाकी सगळी दुसऱ्या विषयाला चाललीत. तिथं मार्क खिरापतीसारखं वाटत्यात."

"नावं कवा नोंदवायची?"

"उद्या चार ते पाच, मोबाईलवरनं. पण पप्पा, बाराच्या वर..."

"बाराच्या वर बी आणू की! काठावरचं बहुमत मला पसंत न्हाय!"

ती पुढं काहीतरी सांगत होती, पण मी तोवर आमचा ड्रायव्हर आकाराम याला जीप धुवायला पिटाळलं होतं.

मतदार फुटू नयेत म्हणून काय करतात, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. सहलीला नेतात! सकाळीच राजारामपुरीत जीप उभी केली आणि क्लासला, चहाला, केस कापायला निघालेली तिच्या वर्गातली पोरं-पोरी गोळा केली. "चला, शिरोळला मेव्हण्याच्या मळ्यात तांबडा-पांढरा हाय!" बारा जण बसले. आमची धरून तेरा. पूर्वी वडापला माणसं कोंबून नेणाऱ्या जीपला तेरा म्हणजे विश्रांतीच!

मळ्यात जेवता जेवता वर्षाराणीनं शनीबद्दल असं काही सांगितलं, की हाडूक चोखायचं थांबवून पोरं भर दुपारी वर बघायला लागली. शाकाहारी म्हणून वेगळी आमटी खाणारा रुद्रेश तेवढा म्हणाला, "काका, विषय भारी हाय. पण घरात इचारून सांगतो की."

विचारून! मतदार असं म्हणाला की तो फुटलाच समजायचं. मी रिवाजाप्रमाणं सगळ्यांचे मोबाईल पोत्यात गोळा केले, तोंड बांधलं आणि पोतं जीपमध्ये टाकलं. विरोधकांचा फोन यायलाच नको!

चार वाजून गेल्यावर वर्षाराणी आली. "पप्पा, मोबाईल द्या. नोंदणी सुरू झाली."

मी ऐटीत वळलो. जीपच नव्हती! आकाराम पानं आणायला गेला होता. त्याला फोन करावा, तर माझाही मोबाईल पोत्यात! मेव्हण्याचाही! कार्यकर्त्यांपुढं उदाहरण नको का घालून द्यायला?

"पप्पा, तुम्ही माझा विषय बुडवला!" पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं लोकांची पॅनेलं आणली आणि घरचंच पाडणार? सगळे मिळून रस्त्याकडं पळालो. पाऊण तासानं उसाच्या ट्रॅक्टरमागं रांगत येणारी जीप दिसली.

"मसाला पान सांगितलंतं की, मालक! येळ लागणारच!" आकाराम लांबूनच ओरडला.

"पान गेलं खड्ड्यात! पोतं काढ!"

पोतं रस्त्यावरच उपडं केलं. वर्षाराणी मोबाईल वाटत सुटली. "हिरवं कव्हर कुणाचं? ह्यो फुटक्या काचंचा कुणाचा?" रेंज मिळेना म्हणून दोघं ट्रॅक्टरवर चढले. मी मोजत होतो. आठ! नऊ! दहा! विषय वाचला! अकरा! रुद्रेश मात्र घुटमळत उभा.

"काका, आधी वर्षाराणीला करू दे की."

बघा! पळवाट! मी त्याचं बोट धरलं आणि बटण दाबलं. "बारा! गुलाल आमचाच!"

गुलाल जीपमध्ये होताच. मनसोक्त उधळला. ट्रॅक्टरवाल्यालाही माखला. वर्षाराणीनं तिचा मोबाईल माझ्यापुढं धरला. त्यावर लिहिलं होतं, 'सर्व जागा भरल्या.'

"बाराच्या वर घेत न्हाईत," ती म्हणाली. "काल त्येच सांगत हुते."

अख्खं पॅनेल आलं आणि उमेदवार पडला!

दुसऱ्या दिवशी कानामागं गुलाल तसाच घेऊन कॉलेजात गेलो. दुर्बीण शिकवणाऱ्या संयोगिता मॅडमना म्हटलं, "मॅडम, आमच्या संस्थेत जागा भरल्या की वरनं एक स्वीकृत संचालक घेतोय. पोरीला स्वीकृत घ्या की!"

मॅडमना हसू आवरेना. "बसू दे तिला. आरसाही घासू दे. पण परीक्षा दुसऱ्या विषयाची द्यायची. इथले मार्क मिळणार नाहीत."

मार्क कुणाला हवे होते! पोरगी तिथंच उड्या मारायला लागली. आता आमच्या गोठ्यापुढं तिनं बांधलेली दुर्बीण उभी आहे आणि अख्खी गल्ली रांग लावून शनी बघते. मी तर ती कडी बघत सगळी रांग अडवून धरली. मग छाती काढून म्हणालो, "शेवटी आणलं का न्हाय तुला निवडून?"

"व्हय की पप्पा," वर्षाराणी म्हणाली. "पुढच्या वर्षी परत विषय निवडायचाय. तेवढं माझ्या विरोधी पॅनेलचा प्रचार करा!"