सत्तारभाईंचा साक्षीदार

पुसदला आमच्या गल्लीत सत्तारभाईंचं गॅरेज आहे. गाडी आली की बाकीचे मिस्त्री बॉनेट उघडतात. हे गृहस्थ मागं जाऊन सायलेन्सरशी उकिडवे बसतात आणि धुरालाच विचारतात, "बोल भाऊ, काय तकलीफ हाये?" मालकाला विचारायची पद्धत त्यांच्याकडे नाही.

गॅरेजला लागूनच त्यांची खोली. त्यांच्या बायकोला, अमिनाभाभींना दमा, गाड्यांच्या धुरानं खोकला वाढायचा. या थंडीत खोकला उतरला नाही, तर त्यांना महागावला लेकीकडे ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सत्तारभाई गॅरेज बंद करायला निघाले, तर धंदा बुडू नये म्हणून भाभींनी उलट स्वतःचेच कपडे बांधून ठेवले.

हे सगळं ठाऊक असून मी मूर्खासारखा गेलो. माझ्या गाडीचा इंजिनात बिघाड सांगणारा पिवळा दिवा पेटला होता. धुराच्या नळीत दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. धूर साफ करणाऱ्या गाळणीच्या आधीचा इंजिनाला सांगतो पेट्रोल किती हवं. नंतरचा बघतो धूर साफ झाला का. काही मिस्त्री दुसऱ्याखाली एक लांब नट घालून त्याला धुराबाहेर उचलतात. त्याला काही कळत नाही, दिवा गुमान विझतो. मी तेच मागितलं.

सत्तारभाईंनी मला कॉपी करणाऱ्या पोराकडे पाहावं तसं पाहिलं. "मास्तर, साक्षीदाराले कोर्टाबाहेर बसवून केस जिंकता काय?"

मग दोन तास गाडीखाली. माझे तीन चहा झाले, डोकं तापलं. शेवटी नळीत हवा भरून साबणाचं पाणी लावलं, तेव्हा पहिल्या सेन्सरच्या अलीकडच्या जोडाला बुडबुडे आले. तिथून बाहेरची हवा शिरत होती, सेन्सरला पेट्रोल कमी वाटत होतं आणि इंजिन उगाच पेट्रोल ढोसत होतं. तो धूर गाळणीला झेपेना.

"सेन्सर खोटा नाही बोलून राह्यला," ते म्हणाले, "त्याले हवाच खोटी भेटून राह्यली."

जोड बदलला. गाडी चालू करायला लावून ते खोलीच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला आधी वाटलं, हात धुवायला गेले. ते कान देऊन ऐकत होते. खोकला आला नाही.

बऱ्याच वेळानं आतून भाभींचा आवाज आला, "धुआँ नहीं आ रहा, बंद हो गयी क्या गाडी?"

"चालू है," सत्तारभाई म्हणाले. मी किल्लीला हात घातला, तर त्यांनी लगेच हात वर केला.

"राहू द्या मास्तर. थोडी अजून चालू राहू द्या."